‘जवळ’ला इंग्रजीत काय म्हणावे? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाण्यात नौपाड्यातील माझ्या वर्गात दिवसभराची नोकरी आटोपून येणारे प्रौढ विद्यार्थी काळ आणि क्रियापदे यांची धास्ती घेऊन येतात. प्रत्यक्षात मात्र त्यांचे बोलणे अडते ते घर कुठे आहे, आपण कुठवर पोहोचलो आहोत, औषधाचे दुकान किती लांब आहे अशा साध्या गोष्टी सांगताना. मराठीतला एकटा ‘जवळ’ ही सगळी कामे निभावतो आणि इंग्रजीत त्याच्या जागी दहा-बारा शब्द उभे असतात. तरीही मराठी आपल्याला अडचणीत टाकते असे मला वाटत नाही. पाशी, शेजारी, लगत, काठी, आसपास, नजीक, निकट असे किती बारीक भेद आपण रोज सहज करतो. आपल्याला यांपैकी नेमके काय म्हणायचे आहे हे जो आधी ठरवतो, त्याला इंग्रजी शब्द सापडायला वेळ लागत नाही, असा माझा अनुभव आहे. म्हणून पुढील बहुतेक उत्तरांची सुरुवात मराठीपासून केली आहे, आणि इंग्रजी शब्द उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिले आहेत.

‘निअर’नंतर ‘टू’ येते की ‘फ्रॉम’?

‘फ्रॉम’ येत नाही, हे आधी पक्के करावे. ‘माय हाउस इज निअर फ्रॉम द स्टेशन’ हे वाक्य मी दर नव्या तुकडीत ऐकते. ते येते कुठून, हे कळले की चूक आपोआप थांबते. आपण मराठीत ‘माझे घर स्टेशनपासून जवळ आहे’ असे म्हणतो, आणि त्यातल्या ‘पासून’चे भाषांतर ‘फ्रॉम’ असे होते. मराठीत जवळ असो वा दूर, अंतर ‘पासून’ मोजले जाते. इंग्रजीत ‘फ्रॉम’ दूरपणाच्या बाजूचा शब्द आहे, म्हणून घर दूर असेल तर ‘फार फ्रॉम द स्टेशन’ म्हणावे आणि जवळ असेल तर नुसते ‘निअर द स्टेशन’.

‘टू’चे प्रकरण थोडे वेगळे आहे. ‘निअर टू द स्टेशन’ हे चूक ठरत नाही, परंतु ठिकाण सांगताना ‘टू’ची गरज नसते आणि बहुतेक जण तो लावत नाहीत. तुलना करताना मात्र तो सहज येतो: ऐरोली ठाण्याला वाशीपेक्षा जवळ आहे हे सांगताना ‘ऐरोली इज निअरर टू ठाणे दॅन वाशी इज’ असे वाक्य होते. मनाची अवस्था सांगतानाही ‘टू’ दिसतो. ‘निअर टू टिअर्स’ म्हणजे रडकुंडीला आलेला.

‘निअर’ आणि ‘निअरबाय’ यांत फरक काय?

‘निअर’ला पुढे एखाद्या ठिकाणाचे नाव लागते, तर ‘निअरबाय’ स्वतःच्या पायावर उभा राहतो. ‘आय लिव्ह निअर वाशी स्टेशन’ बरोबर आहे. ‘आय लिव्ह निअरबाय वाशी स्टेशन’ असे लिहू नये. कशाच्या जवळ हे आधीच्या बोलण्यावरून कळत असेल, तर ‘आय लिव्ह निअरबाय’ एवढे पुरते. मराठीशी ताडून पाहायचे झाले, तर ‘निअर’ म्हणजे ‘स्टेशनजवळ’मधला ‘जवळ’, आणि ‘निअरबाय’ म्हणजे ‘इथे जवळपास एखादे मेडिकल आहे का?’ या प्रश्नातला ‘जवळपास’.

नामाच्या आधी विशेषण म्हणून वापरतानाही हाच भेद उपयोगी पडतो. जवळचे दुकान म्हणजे ‘अ निअरबाय शॉप’. ‘अ निअर शॉप’ असे कोणी म्हणत नाही. मात्र सर्वांत जवळचे दुकान सांगताना ‘द निअरेस्ट शॉप’ हेच योग्य आहे. हे विसंगत वाटेल, पण वापर तसा रुळला आहे.

‘क्लोस’ कधी वापरावे, आणि त्याचा उच्चार ‘क्लोज’ असा करावा का?

ठिकाणासाठी ‘निअर’ आणि ‘क्लोस’ पुष्कळदा एकमेकांच्या जागी चालतात. ‘क्लोस’ला मात्र ‘टू’ लागतोच. ‘निअर द स्टेशन’, पण ‘क्लोस टू द स्टेशन’. शिवाय ‘क्लोस’मध्ये अंतर थोडे अधिक कमी असल्याची छटा असते.

जवळीक माणसांमधली असेल, तर शब्द बदलण्याची मोकळीक उरत नाही. जिवाभावाची मैत्रीण ही ‘क्लोस फ्रेंड’ असते, ‘निअर फ्रेंड’ नव्हे. बारकाईने पाहणे म्हणजे ‘टेक अ क्लोस लुक’, आणि अटीतटीचा सामना म्हणजे ‘क्लोस मॅच’. उलट, नजीकच्या भविष्यकाळाला ‘निअर फ्यूचर’ म्हणतात आणि तेथे ‘क्लोस’ चालत नाही. नातेवाइकांच्या बाबतीत दोन्ही शब्द येतात. ‘क्लोस रिलेटिव्ह’ अधिक ऐकू येतो.

उच्चाराकडे मी विशेष लक्ष द्यायला सांगते, कारण लिहिताना एकच दिसणारे हे दोन शब्द आहेत. ‘बंद करणे’ या क्रियापदाच्या शेवटी जो ध्वनी आहे, तो आपल्या ‘जवळ’मधल्या ‘ज’च्या बराच जवळचा आहे, पण ‘जवळचा’ या अर्थाच्या विशेषणाच्या शेवटी स्वच्छ ‘स’ आहे. एका विद्यार्थिनीने हे स्वतःसाठी असे लक्षात ठेवले: अर्थ ‘जवळ’ असेल, तर ‘जवळ’चा ‘ज’ उच्चारायचा नाही. मला ही खूण इतकी आवडली, की तेव्हापासून मी ती प्रत्येक तुकडीला सांगते. दुकान बंद असेल, तर ‘द शॉप इज क्लोज’ असे न म्हणता शेवटी ‘ड’ लावून ‘क्लोज्ड’ म्हणावे, कारण तो ‘ड’ गेला की ऐकणाऱ्याला वाक्य अर्धवट वाटते.

‘मी स्टेशनजवळ उभा आहे’ याचे इंग्रजी कसे करावे?

आधी स्वतःला विचारावे, की आपण स्टेशनजवळ आहोत की स्टेशनपाशी. हा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो. इंग्रजीतल्या ‘निअर’मध्ये ‘तिथे नाही, पण तिथून फार दूरही नाही’ असे सुचवलेले असते. नेमक्या जागी असल्यास ‘ॲट’ वापरतात. ‘आय ॲम निअर ठाणे स्टेशन’ असे ऐकणारा मनात स्टेशनभोवतीचा एक मोठा परिसर आणतो, ज्यात पश्चिमेचे गावदेवी मैदानही येते आणि पूर्वेची कोपरीही. ‘आय ॲम ॲट ठाणे स्टेशन’ असे ऐकणारा थेट स्टेशनात शोधायला येतो.

माझ्या एका विद्यार्थ्याला नव्या नोकरीच्या पहिल्या दिवशी कंपनीची गाडी स्टेशनवरून घेणार होती. तो पश्चिमेला तिकीट खिडकीला अगदी टेकून उभा होता, आणि चालकाला त्याने इंग्रजीत संदेश पाठवला, की मी स्टेशनच्या ‘निअर’ आहे. चालकाला वाटले, हा अजून पोहोचायचा आहे. तो गाडी घेऊन पुढे गेला, आणि मुलाला पहिल्याच दिवशी रिक्षाने ऐरोली गाठावी लागली. ‘आय ॲम ॲट द टिकेट काउंटर, वेस्ट साइड’ एवढे लिहिले असते, तर प्रश्नच आला नसता. म्हणून मराठीत ‘पाशी’ म्हणता येत असेल, तर इंग्रजीत ‘ॲट’ म्हणावे.

शेजारी, बाजूला, लगत यांसाठी कोणते शब्द आहेत?

‘शेजारी’ या अर्थी ‘नेक्स्ट टू’ आणि ‘बिसाइड’ हे दोन शब्द नेहमीचे आहेत. दोहोंत मधे दुसरे काही नाही, हे गृहीत असते. बँकेच्या शेजारच्या दुकानाला ‘नेक्स्ट टू द बँक’ म्हणावे. मधे आणखी एक दुकान असेल, तर ‘निअर द बँक’ किंवा ‘टू डोअर्स अवे फ्रॉम द बँक’.

मराठीत ‘शेजारी’ हा शब्द माणसासाठीही वापरतात आणि जागेसाठीही. ‘माझ्या शेजारी माझे शेजारी बसले होते’ हे वाक्य आपल्याला खटकत नाही, पण इंग्रजीत त्याचे दोन वेगळे तुकडे पडतात: ‘माय नेबर वॉज सिटिंग नेक्स्ट टू मी’. ‘नेबर’ या शब्दाच्या पोटातही जवळपणाच आहे: जुन्या इंग्रजीतले ‘जवळ’ आणि ‘राहणारा’ या अर्थांचे दोन शब्द जोडून तो तयार झाला.

‘लगत’ हा शब्द कागदोपत्री येतो, आणि तिथे ‘ॲडजसंट टू’ आणि ‘ॲडजॉइनिंग’ यांतला भेद जपावा. ‘ॲडजॉइनिंग’ म्हणजे हद्द भिडलेली. ‘ॲडजसंट’ वस्तू शेजारी असतात, परंतु त्या एकमेकींना टेकलेल्या असतीलच असे नाही. खरेदीखतात चतुःसीमा इंग्रजीत लिहिताना हा फरक वकिलाकडून तपासून घ्यावा, असे मी आवर्जून सांगते.

‘नेक्स्ट स्टेशन’ आणि ‘निअरेस्ट स्टेशन’ एकच का?

नाही. ‘नेक्स्ट’ क्रम सांगतो, आणि ‘निअरेस्ट’ अंतर. लोकलमध्ये ‘पुढील स्टेशन’ अशी घोषणा होते, तिचेच इंग्रजी रूप ‘नेक्स्ट स्टेशन’. ठाण्याहून मुंबईकडे निघाले, की रुळांवर ठाण्याला लागून मुलुंड येते. परंतु जलद लोकल तिथे थांबणार नसेल, तर त्या गाडीचे ‘नेक्स्ट स्टेशन’ मुलुंड नसते, जरी ठाण्याचे ‘निअरेस्ट’ स्टेशनांपैकी ते एक असते. ट्रान्स हार्बर मार्गावर ठाणे आणि ऐरोली यांच्यामध्ये २०२४ मध्ये दिघा गाव हे स्टेशन सुरू झाले. ठाण्याहून निघाल्यावर पूर्वी ‘नेक्स्ट’ म्हणून ऐरोलीचे नाव यायचे, आता दिघा गावाचे येते. ऐरोलीचे अंतर तसूभरही बदलले नाही. बदलला तो क्रम.

गंमत अशी, की मुळात हे दोन्ही शब्द एकाच कुळातले आहेत. जुन्या इंग्रजीत ‘जवळ’साठी जो शब्द होता, त्याचे आजचे रूप ‘नाय’ आता क्वचितच ऐकू येते; त्याचे ‘अधिक जवळ’ हे रूप म्हणजे ‘निअर’, आणि ‘सर्वांत जवळ’ हे रूप म्हणजे ‘नेक्स्ट’. काळाच्या ओघात ‘निअर’मधला ‘अधिक’ विसरला गेला, म्हणून त्याला पुन्हा ‘निअरर’, ‘निअरेस्ट’ अशी रूपे जोडावी लागली.

‘बिसाइड’ आणि ‘बिसाइड्स’ यांत गोंधळ होतो. काय करावे?

‘बिसाइड’ म्हणजे शेजारी, आणि ‘बिसाइड्स’ म्हणजे शिवाय. यात लक्षात ठेवण्यासारखे एवढेच, की मराठीतला ‘खेरीज’ दोन दिशांना जातो. ‘इंग्रजीखेरीज मी मराठीही शिकवते’ यात इंग्रजी धरलेली आहे, म्हणून ‘बिसाइड्स’. ‘रविवारखेरीज रोज वर्ग असतो’ यात रविवार वगळला आहे, म्हणून ‘एक्सेप्ट’.

‘समोर’ म्हणजे ‘इन फ्रंट ऑफ’ की ‘ऑपोझिट’?

याचे उत्तर प्रवासात चांगले समजते. लोकलच्या डब्यात जी बाके एकमेकांकडे तोंड करून असतात, त्यांवर तुमच्या समोर बसलेल्या बाईंचा चेहरा तुम्हाला दिसतो. त्या ‘ऑपोझिट यू’ आहेत. ठाणे परिवहनच्या बसमध्ये पुढच्या आसनावर बसलेल्या माणसाची पाठ तुम्हाला दिसते. तो ‘इन फ्रंट ऑफ यू’ आहे. मराठीत लोकलमधल्या बाई ‘समोर’ आणि बसमधला माणूस ‘पुढे’ असा भेद आपणही करतो, फक्त इंग्रजी बोलताना तो विसरतो.

इमारतींचेही तसेच आहे. रस्ता ओलांडून पलीकडे, तोंडासमोर असलेली इमारत ‘ऑपोझिट’ असते. फाटकासमोर कोणी गाडी लावली असेल, तर ती ‘इन फ्रंट ऑफ द गेट’ असते, कारण मधे रस्ता नाही. ठिकाण सांगताना ‘ऑपोझिट’च्या पुढे ‘टू’ न लावता ‘ऑपोझिट द स्कूल’ असे लिहावे.

तळ्याकाठी, खाडीकाठी हे कसे सांगावे?

‘बाय’ वापरावा. मासुंदा तलावाच्या, म्हणजे आपल्या तलावपाळीच्या काठी असलेले गडकरी रंगायतन ‘बाय द लेक’ आहे. ‘निअर द लेक’ म्हटले तरी चूक नाही, पण मग पाणी नजरेसमोर आहे हे त्यातून कळत नाही.

‘माझ्याजवळ सुटे पैसे नाहीत’ यात ‘निअर मी’ का चालत नाही?

कारण इथला ‘जवळ’ अंतराचा नाही, बाळगण्याचा आहे. ‘देअर इज नो चेंज निअर मी’ याचा अर्थ माझ्या आसपास कुठे सुटे पैसे पडलेले नाहीत, असा काहीतरी होईल. मालकी किंवा सोबत असणे सांगायचे असेल, तर ‘हॅव’ वापरावे: ‘आय डोन्ट हॅव चेंज’. आत्ता, अंगावर, खिशात असे म्हणायचे असल्यास ‘ऑन मी’ किंवा ‘विथ मी’ जोडावे: ‘आय डोन्ट हॅव एनी चेंज ऑन मी’. हा ‘जवळ’ ओळखण्यासाठी एक सोपी कसोटी देते: वाक्यातला ‘माझ्याजवळ’ काढून ‘माझ्याकडे’ घालून पाहा. अर्थ तोच राहिला, तर ‘निअर’ला हात लावू नये.

आईने मुलाला जवळ घेतले, यातला ‘जवळ’ आणखी निराळा आहे. तिथे ‘शी हेल्ड हिम क्लोस’ म्हणावे, आणि ‘स’ नीट उच्चारावा.

‘जवळजवळ’साठी ‘निअर्ली’ की ‘ऑलमोस्ट’?

संख्या आणि पूर्णत्वाच्या अलीकडे असलेली स्थिती सांगताना दोन्ही चालतात: ‘निअर्ली फिफ्टी पीपल’, ‘ऑलमोस्ट फिफ्टी पीपल’. दोन्हींमध्ये पन्नास पूर्ण झालेले नाहीत. मराठीतल्या ‘सुमारे पन्नास’मध्ये मात्र आकडा थोडा खाली किंवा थोडा वर असू शकतो, त्यासाठी ‘अबाउट’ किंवा ‘अराउंड’ आहेत. ‘जवळपास पन्नास’ म्हणताना आपल्या मनात यांपैकी काय आहे, हे आपणच ओळखायचे.

‘कोणी नाही’, ‘कधीच नाही’ अशा नकारी शब्दांआधी ‘ऑलमोस्ट’ घ्यावा: ‘ऑलमोस्ट नोबडी केम’, ‘ऑलमोस्ट नेव्हर’. तिथे ‘निअर्ली’ शोभत नाही. उलट ‘नॉट निअर्ली’ हा वेगळाच प्रयोग आहे आणि तो पाहताक्षणी फसवतो. ‘नॉट निअर्ली इनफ’चा अर्थ ‘जवळजवळ पुरेसे’ असा होत नाही. त्याचा अर्थ ‘पुरेसे होण्यापासून फारच दूर’ असा आहे. कार्यालयीन पत्रात हे शब्द दिसले, तर पुन्हा एकदा वाचावे.

‘मी पोहोचतेच आहे’ याला ‘आय ॲम निअर टू रीच’ असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. ‘आय ॲम निअर्ली देअर’ किंवा ‘आय ॲम ऑलमोस्ट देअर’ हे तीन-चार शब्दांचे वाक्य पाठ करून टाकावे. रोज उपयोगी पडते.

वेळेतली जवळीक कशी व्यक्त करावी?

‘पाचच्या सुमारास’ म्हणजे ‘अराउंड फाइव्ह’, आणि ‘पाचपर्यंत’ म्हणजे ‘बाय फाइव्ह’. तळ्याकाठचा ‘बाय’ आणि हा ‘बाय’ यांचा घोळ करू नये: वेळेचा ‘बाय’ मर्यादा घालतो. वरिष्ठांनी ‘बाय फाइव्ह’ म्हटले आणि आपण सव्वापाचला काम दिले, तर आपण उशीर केला आहे. परीक्षा जवळ आली, हे ‘द एक्झॅम इज अप्रोचिंग’ किंवा ‘द एक्झॅम इज गेटिंग क्लोस’ असे सांगता येते.

अंतर आकड्यात सांगताना काय काळजी घ्यावी?

आकडा आला, की ‘फार’ सोडून ‘अवे’ घ्यावा. १६ एप्रिल १८५३ रोजी प्रवाशांना घेऊन निघालेली देशातली पहिली आगगाडी बोरीबंदरहून ठाण्याला आली. ते अंतर ३४ किलोमीटरचे. हे इंग्रजीत सांगताना ‘ठाणे इज थर्टी-फोर किलोमीटर्स अवे फ्रॉम बोरीबंदर’ म्हणावे. ‘थर्टी-फोर किलोमीटर्स फार’ हे ‘३४ किलोमीटर दूर’चे शब्दशः भाषांतर आहे. ‘फार’ प्रश्नात येतो: ‘हाउ फार इज इट?’

‘चालत पाच मिनिटांवर’ यासाठी ‘अ फाइव्ह-मिनिट वॉक’ म्हणतात, आणि तिथे ‘मिनिट’ला अनेकवचनाचा ‘स’ लागत नाही. आपल्या ‘हाकेच्या अंतरावर’ला इंग्रजीत ‘अ स्टोन्स थ्रो अवे’, म्हणजे दगड फेकला तर पोहोचेल इतके जवळ, असा प्रयोग आहे. आपण हाक मारतो, ते दगड मारतात. शब्दशः भाषांतर दोन्हीकडून चालत नाही.

पत्ता लिहिताना ‘इन’, ‘ऑन’, ‘ऑफ’ यांपैकी काय वापरावे?

सिडकोने सेक्टरांत आखलेल्या नवी मुंबईत हे सोपे आहे: सेक्टर हा वेढलेला भाग असल्याने ‘इन सेक्टर सेव्हन्टीन, वाशी’. रस्त्याला लागून असलेली इमारत ‘ऑन’ असते, म्हणजे ‘ऑन घोडबंदर रोड’. ‘ऑफ घोडबंदर रोड’ याचा अर्थ ती इमारत त्या रस्त्यावर नाही, त्यातून फुटणाऱ्या एखाद्या आतल्या रस्त्यावर आहे. पत्त्यातला हा एवढासा शब्द पुष्कळ जण वाचतच नाहीत आणि मुख्य रस्त्यावर इमारत शोधत राहतात. म्हणून ‘ऑफ’ लिहिल्यास कोणत्या खुणेपाशी आत वळायचे, हेही पुढच्याच ओळीत ‘टर्न ॲट’ने सुरुवात करून लिहावे.